कलमबहाद्दर

फ्रान्सच्या दक्षिण भागात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, शातोनफ-द्यु-पाप नावाचं एक गाव आहे. वाइनसाठी जगप्रसिद्ध. 1954 साली ह्या गावच्या मेयरने एक फतवा काढला: गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्यांनी उतरू नये, आणि एखादी उतरलीच तर ती ताबडतोब जप्त करण्यात येईल. त्या वर्षी फ्रान्समध्ये तबकड्या दिसल्याच्या बातम्यांचं पेव फुटलं होतं. मेयरसाहेबांनी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. गावाचं नाव फुकटात पेपरांतून छापून आलं, आणि तबकड्यांनीही फतवा पाळला असं दिसतं.

फ्रेंच लोक तबकडीला 'उडती सिगार'ही म्हणत. 'सिगार व्होलाँ'. तीस वर्षांनी कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या डोंगरातल्या एका तरुणाने आपल्या नव्या लाल वाइनला हेच नाव देऊन टाकलं. 'ल सिगार व्होलाँ', पीक 1984 सालचं, बाजारात आली 1986 साली. बाटली लांबून पाहिली तर एखाद्या खानदानी फ्रेंच वाइनचीच वाटावी. पिवळसर कागद, जुन्या कोरीव चित्रातल्यासारखी शांत द्राक्षबाग, मागे शातो. मग नजर वर आभाळाकडे जाते. तिथे एक सिगार तरंगते आहे आणि तिच्यातून लाल झोत खाली बागेवर पडलाय. थट्टा आहे, पण ज्याची थट्टा केली त्याच्यावरचं प्रेमही लपत नाही.

तो तरुण म्हणजे रँडल ग्रॅहम, आणि वायनरीचं नाव बॉनी डून व्हिनयार्ड. ह्या माणसाबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय, आणि त्यातलं बरंचसं त्याने स्वतःच लिहिलंय. मला मराठीत लिहावंसं वाटलं त्याचं कारण एक शब्द. आपल्याकडे 'कलम' म्हणजे लेखणी, आणि कलम म्हणजे झाडाचंही कलम. ग्रॅहमला मराठी येत असतं तर ह्या एका शब्दावर त्याने आठ पानी पत्रक काढलं असतं आणि वर दोन लेबलं छापली असती. त्याचं सगळं कर्तृत्व ह्याच दोन गोष्टींवर उभं आहे. ह्यातल्या कुठल्या कलमाने कुठल्यावर कुरघोडी केली, हा माझ्या लेखाचा विषय.

वायनरी पाहायला जाणं म्हणजे आपल्या बे एरियातल्या मंडळींना नापाला जाणं. भारतातून पाहुणे आले की गोल्डन गेट, तो वाकडातिकडा लोंबार्ड स्ट्रीट, सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह आणि नापा, ही आपली चारधाम यात्रा. नापात दगडी वाडे, कारंजी, भला मोठा पार्किंग लॉट. काउंटरपलीकडचा माणूस ब्लॅकबेरी, देवदार, चामडं अशा वासांची यादी म्हणून दाखवतो आणि आपले काका ग्लास नाकाला लावून "बरी आहे, जरा आंबूस लागतेय" असं मराठीत म्हणतात. मला नेहमी वाटतं की त्या हॉलमधलं सर्वात प्रामाणिक रसग्रहण काकांचंच असतं.

1996च्या उन्हाळ्यात माझे मावसभाऊ आमच्याकडे आले होते. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना कारंजी दाखवण्यात अर्थ नव्हता. म्हणून हायवे वनने सांताक्रूझच्या उत्तरेला निघालो आणि समुद्राला पाठ देऊन डोंगर चढायला लागलो. रेडवुडची झाडी, अरुंद रस्ता, भर दुपारी धुकं. टेस्टिंग रूम साधीशी, लाकडी. भिंतीवर लेबलं, आणि वाइनच्या यादीबरोबर हातात मिळालेलं एक पत्रक. बारीक टाइप, लांबलचक वाक्यं, आणि कोट्या इतक्या की एक वाक्य वाचून पुढे जावं तर आधीच्या वाक्यातली राहून गेलेली कोटी मागून हाक मारते.

अण्णांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "बाग कुठाय?"

बाग नव्हती. 1994 साली पिअर्सेस डिसीजने ती गेली होती. हा रोग एका जिवाणूचा, तुडतुड्यांच्या जातीचे किडे तो पसरवतात. वेलीच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या त्याने तुंबतात, आणि जमिनीत ओल असूनही वेल तहानेने वाळते. औषध नाही. अण्णा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. तुडतुडे त्यांना माहीत होते. मग ते म्हणाले, "बाग मेली आणि दुकान चालू आहे. हुशार आहे मनुष्य."

अण्णांनी हे कौतुकाने म्हटलं की टोमणा मारला, ते मला तेव्हा कळलं नाही. पण ग्रॅहमवरची सगळी टीका त्या एका वाक्यात येते.

त्याची हकीगत थोडक्यात अशी. जन्म 1953, लॉस एंजेलिस. सांताक्रूझच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानात रमला, बेव्हर्ली हिल्समधल्या वाइनच्या दुकानात फरशी पुसता पुसता उत्तमोत्तम फ्रेंच बाटल्यांची चव घेतली आणि बिघडला. डेव्हिसला जाऊन वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली. घरच्यांच्या मदतीने 1981 साली बॉनी डूनमध्ये जमीन घेतली ती एकाच जिद्दीने, की बर्गंडीच्या तोडीची पिनो न्वार अमेरिकेत करून दाखवायची. ती काही जमली नाही. ह्या जमिनीला आणि हवेला पिनोपेक्षा दक्षिण फ्रान्सची उन्हाळी द्राक्षं जवळची, हे त्याच्या लक्षात आलं. ग्रनाश, सिरा, मूर्व्हेद्र. 1989 साली 'वाइन स्पेक्टेटर' मासिकाने त्याला लोन रेंजरच्या वेषात मुखपृष्ठावर छापलं आणि 'ऱ्होन रेंजर' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. एका लघुग्रहालाही पुढे तेच नाव मिळालं.

ह्या पराक्रमातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग मात्र लोकांना फारसा माहीत नाही. कॅलिफोर्नियात ही द्राक्षं आधीपासूनच होती. इटालियन आणि पोर्तुगीज कुटुंबांनी ओकलीच्या वाळूत लावलेल्या जुन्या वेली. तिथे त्यांचं नाव 'मातारो', भाव मातीमोल. कॅबर्नेची लाट आली तेव्हा शेतकरी त्या उपटून टाकत होते. हा मातारो म्हणजेच फ्रान्सचा मूर्व्हेद्र. ग्रॅहमने आणि त्याच्यासारख्या दोघाचौघांनी ते ओळखलं आणि त्या द्राक्षांना पैसे मोजले. ग्रनाश त्याला गिलरॉयला मिळालं, आपण ज्याला लसणाचं गाव म्हणून नाक दाबून ओलांडतो तिथे. दुसऱ्यांनी अडगळीत टाकलेली वस्तू तिच्या खऱ्या नावाने हाक मारून उभी करणं, हे चांगल्या समीक्षकाचं काम. त्या अर्थाने ग्रॅहम हा आधी समीक्षक आहे, आणि वाइन करणारा नंतर.

त्या दिवशी चाखलेली सिगार मला अजून आठवते. नापाच्या कॅबर्नेसारखी शाईगत दाट नाही, जरा विरळ रंगाची. वासाला मिरपूड आणि वाळत घातलेल्या पाल्यासारखं काहीतरी. तोंडात ऊब, आणि मागे बेताचा तुरटपणा. घोट संपल्यावर दुसरा घ्यावासा वाटत होता, वाइनची ह्यापेक्षा मोठी परीक्षा मला माहीत नाही. पण शंकाही तेव्हाच आली. बाटलीवर नाव बॉनी डूनचं, गंमत शातोनफची, द्राक्षं ओकली-गिलरॉयची. मग वाइन कुठली? तिला एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट कुठली? उत्तर एकच होतं: लेबल.

पुढच्या दहा वर्षांत लेबलाने वायनरी ताब्यात घेतली. सोलेदादच्या तुरुंगाजवळ त्याची दुसरी बाग होती, म्हणून एका स्वस्त लाल वाइनला नाव दिलं 'बिग हाउस रेड'. ती भरमसाट खपली. 'कार्डिनल झिन'वर राल्फ स्टेडमनची शाईचे शिंतोडे उडवणारी चित्रं आली. 2002 साली, बुचामुळे वाइनला कुबट वास येतो म्हणून आट्यांचं झाकण वापरायचं ठरलं, तर त्यासाठी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनमध्ये बुचाची अंत्ययात्रा निघाली. खऱ्या शवपेटीसकट. जॅन्सिस रॉबिन्सनसारख्या नामवंत समीक्षक बाईंनी मृत बुचाला श्रद्धांजली वाहिली. तमाशा खराच, पण मुद्दा बरोबर होता. बुचातल्या एका रसायनाने चांगली वाइन भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी वास मारू लागते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि प्रतिष्ठेपायी कोणी बोलत नव्हतं. आज आट्यांच्या झाकणाची बाटली पार्टीला नेताना आपल्याला ओशाळं वाटत नाही, त्याचं थोडं श्रेय त्या शवपेटीला आहे.

आपल्या ताटाच्या दृष्टीने पाहिलं तर त्याची 'पॅसिफिक रिम' रीझलिंग मला सर्वात उपयोगी वाटत आलीय. आशियाई जेवणासाठी म्हणून केलेली, वॉशिंग्टन राज्यातल्या द्राक्षांत जर्मनीची वाइन मिसळून. नाव भूगोलाला धरून नाही, पॅसिफिकच्या काठी कोल्हापूर येत नाही. पण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चिथावतात, तुरट लाल वाइनने रश्श्याची आग आणखी भडकते, आणि किंचित गोड, आंबट, हलकी वाइन मात्र जिभेला सावरते. कोथिंबिरीची वडी किंवा तळलेलं पापलेट ह्यांच्याशी तिचं छान जुळतं. आपल्या पॉटलकमधे महागाच्या कॅबर्नेबरोबर मिसळ खाणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

2006 सालापर्यंत उत्पादन साडेचार लाख पेट्यांच्या घरात गेलं. धंदा म्हणून हे घवघवीत यश. आणि नेमकं इथेच ग्रॅहमने तोंड फिरवलं. 'बिग हाउस' आणि 'कार्डिनल झिन' विकून टाकले, रीझलिंगचा धंदाही 2010 साली विकला, आणि पेट्यांची संख्या पस्तीस हजारांच्या आसपास आणली. वाइनच्या दोन जाती तो सांगत असे. एक माणसाच्या प्रयत्नाची, म्हणजे हुशारीने घडवलेली. दुसरी जागेची, जिच्यात ती जमीन बोलते. आपण आयुष्यभर पहिल्या जातीची केली, हे त्याने जाहीरपणे लिहिलं.

इथे आपल्या राजीव सामंतांची आठवण होणं साहजिक आहे. स्टॅनफर्ड, ओरॅकल, मग नोकरी सोडून नाशिक. सोनोमाचा वाइनतज्ज्ञ सल्लागार घेऊन त्यांनी 'सुला' उभी केली, 2000 साली पहिल्या बाटल्या आणल्या, आणि 2022च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात गेली. जिथे वाइन पिणारेच नव्हते तिथे आधी पिणारे तयार करावे लागले. तिथे जमीन काय बोलते हा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा. त्यांना मी दोष देणार नाही. पण ग्रॅहमने पंचवीस वर्षांनी का होईना, तो दुसरा दिवस उजाडू दिला, चालता धंदा मोडून.

मोडून केलं काय? प्रथम बायोडायनॅमिक शेती. रुडॉल्फ स्टायनरच्या 1924 सालच्या व्याख्यानांतून निघालेली ही पद्धत: गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, चंद्र पाहून कामं करायची. शेणखताला माझा विरोध असायचं कारण नाही, आमच्या आजोळी ते चंद्राला न विचारता घालत. शिंगापाशी मात्र माझी श्रद्धा थांबते. दुसरं केलं ते मला फार आवडलं. लेबलावर घटक छापायला सुरुवात केली: द्राक्षं, सल्फर डायऑक्साइड, आणि करताना वापरलेलं यीस्ट वगैरे. लोणच्याच्या बाटलीवर छापतात तसं. कायद्याची सक्ती नव्हती. लेबलांच्या ह्या बादशहाने लिहिलेला हा सर्वात नीरस मजकूर, आणि माझ्या मते सर्वात चांगला. 2009 साली त्याचं 'बीन डून सो लाँग' हे पुस्तक आलं, त्याला पुढच्या वर्षी जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. दान्ते, सर्व्हांतेस, जॉइस, काफ्का सगळ्यांची विडंबनं, सगळी वाइनवर. बुद्धिमत्ता अफाट. पण शंभर पानांनंतर दिवाळीच्या फराळात फक्त चकल्याच खाल्ल्यासारखं होतं. जिथे तो विडंबन सोडून, आपल्याला खरोखर काय हवं होतं ते साध्या शब्दांत सांगतो, तिथे पुस्तक एकदम खाली बसून बोलायला लागतं.

आता दुसऱ्या कलमाकडे येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा किडा युरोपात गेला आणि फ्रान्सच्या बागा भुईसपाट झाल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. अमेरिकन रानवेलीच्या खुंटावर फ्रेंच काडीचं कलम करायचं. तेव्हापासून बहुतेक सगळी थोर फ्रेंच वाइन अमेरिकन मुळांवर उभी आहे. अण्णांनी मला त्या दिवशी परतताना सांगितलं होतं, की त्यांच्याकडेही आता डॉगरिज खुंटावर थॉमसनची कलमं करतात. डॉगरिज टेक्ससचा, थॉमसन हे नाव कॅलिफोर्नियाचं, आणि ते द्राक्ष त्याआधी पश्चिम आशियातून आलेलं. तासगावच्या द्राक्षाचा पासपोर्ट आपल्यापेक्षा जास्त शिक्क्यांचा आहे.

ग्रॅहमनेही काड्या आणल्या. ऐंशीच्या दशकात फ्रान्सहून रूसान नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या काड्या सामानातून आल्या. त्या वाढल्या, नर्सरीतून दुसऱ्यांच्या बागांत गेल्या, आणि 1998च्या सुमाराला उघड झालं की हा रूसान नसून व्हिओन्ये आहे. प्रकरण कोर्टात गेलं. बॅगेत कढीपत्त्याचं रोप लपवून कस्टम्ससमोर चेहरा निर्विकार ठेवणाऱ्या आपल्यातल्या कोणी ह्यावर फार हसू नये.

पण ह्यातला मुद्दा गमतीपलीकडचा आहे. कलम म्हणजे नक्कल. हापूसचं प्रत्येक कलम हे त्याच एका झाडाचा तुकडा, म्हणून चव ठरलेली. कोय पेरली तर येतो तो रायवळ. प्रत्येक झाड वेगळं. एक मधासारखं, शेजारचं नुसतं दोऱ्याचं. द्राक्षाचंही तसंच आहे, म्हणून कोणी शहाणा वाइनवाला बी पेरत नाही. ग्रॅहमने नेमकं तेच करायचं ठरवलं. सॅन व्हान बाउतिस्ताजवळ त्याने जमीन घेतली, तिला तिथल्या मुत्सुन लोकांच्या भाषेतलं 'पोपेलोशुम' हे नाव दिलं, आणि 2015 साली लोकवर्गणी काढून जाहीर केलं: द्राक्षांचा संकर करून, बी पेरून, दहा हजार नवे वाण तयार करणार. त्याचं म्हणणं असं, की शेतात हजारो भावंडं असली, प्रत्येकाची चव निराळी, तर कुठल्याच एका वाणाचा आवाज मोठा होणार नाही, आणि मग ऐकू येईल ती जमीन. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो, अशी आपली म्हण आहे. ग्रॅहमला वाणच नकोय, मातीचा गुण हवाय.

ही कल्पना मला पटते का? शास्त्राच्या बाजूने शंका पुष्कळ आहेत. बियाण्याच्या बहुतेक वेली सामान्यच निघतील. फळ यायलाच काही वर्षं. स्वतःच्या मुळांवर वाढलेली युरोपीय वेल फिलोक्सेरापुढे उघडी. आणि जमिनीचा 'आवाज' ऐकायला पिढ्या लागतात, बर्गंडीत मठातल्या साधूंनी कित्येक शतकं घातली. शिवाय पैसा. दहा हजारांचा आकडा अजून फार लांब आहे. 2020च्या जानेवारीत ग्रॅहमने बॉनी डून हे नावच विकलं, सिगारसकट. त्यानंतर गॅलोसारख्या महाकाय कंपनीबरोबर 'द लँग्वेज ऑफ यस' ही नवी मालिका काढली. दक्षिण फ्रान्सच्या 'लाँग दॉक' ह्या नावाचं हे शब्दशः भाषांतर, म्हणजे खोड गेलेली नाही. टीकाकार म्हणतात, दहा हजार वाण हेही त्याचं आणखी एक लेबल, फक्त बाटलीपेक्षा मोठं.

मी तसं म्हणत नाही. लेबलाला दाद लगेच मिळते, बीला मिळत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने असं काम हातात घेतलं, की ज्याची चव त्याला बहुधा कळणार नाही, तर त्याला जाहिरात म्हणणं कोतेपणाचं होईल. आणि खरं सांगतो, हे मी निव्वळ वाइनचा विचार करून लिहीत नाही. आपल्या मंडळात पंचवीस-तीस वर्षं एकच वाद चालू आहे. शनिवारच्या शाळेत मुलांवर मराठीचं कलम नीट बसत नाही, 'ळ' येत नाही, गणपतीत आरती पाठ नाही. आपल्याला हापूस हवा असतो. मुलं रायवळ निघतात, आणि त्यांतली काही फार गोड असतात.

दोनेक वर्षांपूर्वी सॅन व्हान बाउतिस्ताला गेलो. मिशन 1797 सालचं, त्याच्या अंगणाला लागून सॅन अँड्रियस भेगेचा उतार. बाग पाहायला टेकडीवर चढलो तेव्हा वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. वेली बुटक्या, एकेकट्या, तारांचा मांडव नाही. काहींची पानं अखंड, काहींची फाटल्यासारखी. अण्णा असते तर प्रत्येकीपाशी वाकले असते. ग्रॅहमची तिथली ग्रनाश चाखली. बियाण्याच्या वेलींची नव्हे, नेहमीच्याच काड्यांची. रंग फिका, जवळजवळ आमसुलाच्या सारासारखा. पहिल्या घोटाला वाटलं, ह्यात काही नाही. मग हळूहळू खारट, दगडावर पाऊस पडल्यासारखं काहीतरी वर आलं आणि राहिलं. 1996च्या सिगारपेक्षा ही कमी बोलकी. मला ती जास्त आवडली. बायकोला नाही, ती म्हणाली पाणचट आहे.

बाटलीवरचा मजकूर मी घरी येऊन वाचला.